एअर पिस्तूलचा ट्रिगर मधेच दगा देतोय, कंपनी म्हणते सगळं ठीक आहे

रेंजवाली:
नमस्कार मंडळी. १० मीटर एअर पिस्तूल खेळते. पिस्तूल मेकॅनिकल ट्रिगरचं आहे, हवेच्या सिलिंडरवालं, कंपनी नावाजलेली. नाव लिहीत नाही कारण प्रकरण अजून चालू आहे आणि मला भांडण नको, पिस्तूल दुरुस्त होऊन हवंय.

त्रास असा. पहिली स्टेज, म्हणजे ट्रिगरचा सुरुवातीचा हलका प्रवास, नेहमीसारखी जाते, बोट भिंतीला (जिथून पुढे जोर लावला की शॉट सुटतो त्या अडथळ्याला) टेकतं, आता फक्त साइट स्थिर व्हायची वाट बघायची, आणि तेवढ्यात बोटाचा दाब जराही वाढवलेला नसताना शॉट सुटतो. दर वेळी नाही. एखादी सिरीज (दहा शॉट) अख्खी सुरळीत जाते, वाटतं गेलं बाई एकदाचं, आणि पुढच्या सिरीजमध्ये मधेच एक सुटतो तो थेट सातच्या वर्तुळात. त्यानंतरचे दोन-तीन शॉट मी घाबरत घाबरत मारते ते वेगळंच.

अधिकृत सर्व्हिसला पाठवलं होतं. खूप वाट बघून परत आलं, सोबत एक चिठ्ठी, 'तपासले, दोष आढळला नाही'. रेंजवर नेलं तर तेच पुन्हा. आता दोन गोष्टी विचारायच्यात. आत नक्की काय बिघडलं असेल? आणि 'दोष नाही' म्हणणाऱ्या सर्व्हिसवाल्यांशी बोलायचं तरी कसं?

साडेचार:
सोप्पंय. सियरचा, म्हणजे शॉट अडवून धरणाऱ्या धारेचा, स्क्रू असतो बघ ट्रिगरच्या वर, तो पाव फेरा फिरव. पकड वाढली की सेकंड स्टेज परत घट्ट होते. दहा मिनिटांचं काम आहे, सर्व्हिसला कशाला पाठवायचं?

शांतश्वास:
सगळ्यात आधी हे सांगते, बाकी चर्चा नंतर. जे पिस्तूल बोट न दाबता सुटतं ते वापरणं आजपासून बंद. सराव नाही, 'अजून एकच सिरीज बघते' नाही. आज सातात गेला, उद्या हात खाली आणताना सुटेल. रेंजवर शेजारी माणसं उभी असतात. तोवर क्लबचं पिस्तूल घ्या, भिंतीकडे तोंड करून होल्डिंगचा सराव करा, पण हे पेटीत ठेवा. सिलिंडर काढून आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी पट्टी) घालून.

रेंजवाली:
@शांतश्वास हो ताई, सर्व्हिसहून आल्यावर पुन्हा झालं तेव्हापासून पेटीतच आहे. क्लबच्या पिस्तूलवर चालू आहे सध्या.

बापू_फिटर:
साडेचार, थांबा जरा. कोणता स्क्रू ते न बघता 'पाव फेरा फिरव' सांगू नका कुणाला. मॅच पिस्तूलच्या ट्रिगरला चार-पाच स्क्रू असतात. एक पहिल्या स्टेजचं वजन बघतो, एक तिची लांबी, एक दुसऱ्या स्टेजचं वजन, एक सियरची पकड, आणि एक शॉट सुटल्यावर ट्रिगर किती मागे जातो ते अडवणारा स्टॉप. बऱ्याच मॉडेलमध्ये हे एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणजे एक हलवला की दुसऱ्याचं माप बदलतं. शिवाय पकडीचा स्क्रू कोणत्या दिशेला फिरवला की पकड वाढते तेही प्रत्येक मॉडेलला वेगळं. उलटा फिरवला तर आत्ता जे कधीमधी होतंय ते दर शॉटला होईल.

ताईंसाठी आतलं जरा समजावून सांगतो. शॉट सुटतो तो हातोडीने, म्हणजे हॅमरने. हॅमरच्या मागे दमदार स्प्रिंग असतो, आणि त्या सगळ्याला एका अगदी बारीक धारेवर अडवून ठेवलेलं असतं, ती धार म्हणजे सियर. कडी कोयंड्यात पूर्ण बसली तर दार ढकलूनही उघडत नाही, नुसती टोकावर टेकली असेल तर वाऱ्याने उघडतं. सियरचंही तसंच आहे. पहिली स्टेज संपते तेव्हा सियर बरीचशी सरकलेली असते, उरलेली पकड मिलिमीटरच्या छोट्याशा भागाएवढी. ती धार झिजली, तिचा टवका उडाला किंवा तिच्यात कचरा-तेल साचलं, तर भिंतीवर उभं असताना ती स्वतःच हळूहळू घसरते आणि सुटते. तुम्ही सांगताय ते लक्षण मला या घसरण्याचंच वाटतंय. पण न बघता निदान करणार नाही.

नेम_साधे:
माझं मत वेगळं आहे. आपोआप सुटलं असं म्हणणारे खूप बघितलेत, आणि बहुतेक वेळा बोटच दाबलं गेलेलं असतं. साइट दहावर आली की मेंदू सांगायच्या आधी बोट हलतं. भिंतीवर जास्त वेळ थांबलं की बोट थकतं, थरथरतं, दाब वाढतो आणि आपल्याला कळतही नाही. सर्व्हिसवाल्यांना दोष दिसला नाही याचा अर्थ दोष नसेलही. पिस्तूल दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन बघितलंत का? तेही त्याला काही न सांगता.

खटका:
नेम_साधे बरोबर आहेत. आमच्याकडे एकाचं पिस्तूल दर स्पर्धेत 'आपोआप' सुटायचं, सरावात कधीच नाही. पिस्तूललाही टेन्शन यायचं म्हणे!

रेंजवाली:
@नेम_साधे दिलं होतं. सर्व्हिसला पाठवण्याआधी. आमच्या रेंजवर एक सीनियर मुलगी आहे, राज्य पातळीवर खेळते, तिला नुसतं म्हटलं मारून बघ, माझी ग्रिप तुझ्या हाताला बसते का. तिलाही झालं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पिस्तूल टेबलावर ठेवून दिलं. त्यामुळे बोट नाही.

अजून एक, ड्राय फायरला, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबून सराव करताना, हे कधीच होत नाही. घरी रोज ड्राय फायर करायचे, भिंतीवर कितीही वेळ थांबा, काही नाही.

बापू_फिटर:
ड्राय फायरला होत नाही?? ताई हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, सगळा धागाच याच्याभोवती फिरणार आता.

बऱ्याच मॅच एअर पिस्तूलांना ड्राय फायरची वेगळी व्यवस्था असते. लिव्हर अर्धवट उघडायची किंवा एक छोटी कळ फिरवायची, मग फक्त ट्रिगरची यंत्रणा चढते, हॅमर चढतच नाही. हाताला भास तोच होतो, भिंत तीच, सुटणं तेच, पण सियरवर हॅमरच्या स्प्रिंगचा खरा भार नसतो. धार झिजलेली असेल तर ती भार आल्यावरच घसरणार. सर्व्हिसवाल्यांनी टेबलावर ड्राय फायरला तपासलं असेल तर त्यांना काहीच दिसणार नाही. तेही खोटं बोलत नाहीत, तुम्हीही नाही.

ज्युरीकाका:
बापूंच्या मुद्द्याला जोडून. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमातही हीच काळजी घेतलेली आहे. एअर पिस्तूलच्या ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम हवं, आणि ते तपासताना हवेचा चार्ज चालू असला पाहिजे, म्हणजे पिस्तूल खऱ्या शॉटसारखं चढवूनच वजन उचलायचं. नळी सरळ वर, वजन सपाट पृष्ठभागावरून ट्रिगरने उचललं गेलं पाहिजे, आणि त्यासाठी जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. स्प्रिंगच्या काट्यावर मोजलेलं चालत नाही, ठोकळ्याचं मृत वजनच लागतं. नुसत्या ड्राय फायरला मोजलेलं वजन इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे स्पर्धेतल्या साधन तपासणीच्या, टेबलावर वेगळं निघालेलं मी बघितलंय, आणि त्या मुलांचे चेहरेही बघितलेत. सामन्यानंतर रँडम तपासणी असते, तिथे वजन कमी भरलं तर थेट बाद.

चिकूची_आई:
मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी ज्युनियर आहे. तिचा ट्रिगर ५०० च्या किती वर ठेवावा? आमचे सर म्हणतात अगदी काठावर नको.

ज्युरीकाका:
सर योग्य सांगतात. स्प्रिंग आणि धारा वापराने थोड्या बदलतात, प्रवासात स्क्रू हलतो, प्रत्येक ठिकाणच्या ठोकळ्याचा कडा ट्रिगरवर थोडा वेगळ्या जागी बसतो. ट्रिगर ही शेवटी एक तरफ आहे, कडा खाली सरकला की कमी वजनात सुटतो. म्हणून बरेच जण ५२० ते ५५० च्या दरम्यान ठेवतात. ट्रिगरचं पातं सैल होऊन सरकलं तरी वजन बदलतं, त्याचा स्क्रू अधूनमधून बघत जा. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल सुरू करेल तेव्हा तिथे १००० ग्रॅम, हे लक्षात असू द्या.

चिकूची_आई:
धन्यवाद काका, लिहून ठेवलं.

वीजकळ:
मी म्हणतो इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्या आणि सुटा. बोटाने सियर सोडवायची भानगडच नाही, झिजणार काय? बोटाने एक बारीक स्विच दाबला जातो, पुढचं काम सोलेनॉइड, म्हणजे विजेचं चुंबक, करतो. दर शॉट सारखा, आणि ड्राय फायरही हवं तितकं.

बापू_फिटर:
बोटाखाली सियर नाही पण स्विच आहे, सर्किट आहे, बॅटरी आहे, त्यांचे कॉन्टॅक्ट आहेत. मेकॅनिकल बिघडतं तेव्हा बऱ्याचदा आधी लक्षण दाखवतं, इलेक्ट्रॉनिक एकदम गप्प होतं. दोन्ही चांगले आहेत, पण 'सुटा' म्हणण्यासारखं काही नाही.

साडेचार:
मनू भाकरचं आठवतंय ना टोकियोचं? जुलै २०२१, १० मीटर क्वालिफिकेशन, पिस्तूल मधेच बंद पडलं. दुरुस्तीत इतका वेळ गेला की उरलेले शॉट घाईत मारावे लागले. तरी ५७५ मारले त्या पोरीने, १२ वी आली, फायनल दोन गुणांनी गेली. तेव्हा लोकांनी तिला काय काय नाही सुनावलं.

ज्युरीकाका:
हो, आणि वेळ वाढवून मिळत नाही, हा नियम तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळला. ६० शॉटला इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर १ तास १५ मिनिटं. आपलं पिस्तूल बिघडलं तर ज्युरीच्या परवानगीने दुरुस्त करा किंवा बदला, पण घड्याळ चालूच राहतं. म्हणून दुसरं पिस्तूल तयार ठेवतात. पण दुसरं पिस्तूल म्हणजे दुसरा ट्रिगर, दुसरी भिंत, साइट पुन्हा जुळवायची. तो निर्णय रेंजवर उभं राहून काही सेकंदांत घ्यावा लागतो. बाहेरून टीका करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

शांतश्वास:
आणि त्याच मुलीने २०२४ ला पॅरिसमध्ये १० मीटरमध्ये ब्राँझ आणलं, वर सरबजोतबरोबर मिश्र सांघिकचं आणखी एक. माझ्याकडच्या मुलांना मी टोकियोचे ५७५ आधी सांगते, पॅरिस नंतर. बंद पडलेलं पिस्तूल परत हातात घेऊन तिने राहिलेले शॉट पूर्ण केले, ते मला पदकाइतकंच मोठं वाटतं.

खटका:
+१ ताई. यावर एकही विनोद नाही.

लोणकढी:
रेंजवाली, तेल दिलंत का आत? माझ्याकडे असंच झालेलं, ट्रिगर चिकटायचा. स्प्रे मारला, एकदम मऊ झाला.

बापू_फिटर:
कृपा करून कुणी तो गंजाचा स्प्रे ट्रिगरमध्ये मारू नका. तात्पुरता मऊ होतो कारण जुनं तेल विरघळतं, मग तो उडून जातो आणि मागे राळेसारखा थर राहतो. त्यात पेलेटच्या (छर्ऱ्याच्या) शिशाची भुकटी, पेटीतल्या फोमचा चुरा, सगळं बसतं. मॅन्युअलमध्ये जिथे एक थेंब सांगितलाय तिथेच एक थेंब, बाकी कोरडं. हॅमर आणि सियरची धार तर हात लावायची जागाच नाही. त्या दोन पृष्ठभागांचा कोन कारखान्यात घासून ठरवलेला असतो. पॉलिश पेपर घेऊन बसणारे लोक बघितलेत, त्यांचं पिस्तूल आधी लोण्यासारखं सुटतं आणि काही महिन्यांनी लिव्हर बंद करतानाच सुटतं.

लोणकढी:
बापरे. माझं उघडून दाखवतो कुणालातरी.

अवनी_दहा:
रेंजवालीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहिते. मी या चक्रातून गेलेय, वेगळा दोष होता पण 'दोष आढळला नाही' ची चिठ्ठी तशीच.

सर्व्हिसला लिहिताना निदान लिहू नका, लक्षण लिहा. 'सियर खराब आहे' असं लिहिलंत तर तो माणूस सियर भिंगाखाली बघतो, वरवर बरी दिसली की ठीक आहे लिहून मोकळा. त्याऐवजी असं लिहायचं: पिस्तूल पूर्ण चढवून, पहिली स्टेज घेऊन भिंतीवर थांबलं असता दाब न वाढवता शॉट सुटतो, ड्राय फायरला हे होत नाही, दोन वेगवेगळ्या नेमबाजांच्या हातात झालं. मग स्पष्ट विनंती की तपासणी हॅमर चढवून, भिंतीवर वजन लटकवून करावी. तपासायची पद्धतच सांगायची, म्हणजे 'आमच्याकडे नाही झालं' म्हणायला जागा उरत नाही.

व्हिडिओ पाठवा. कॅमेरा ट्रिगरच्या बाजूला टेबलावर टेकवून, स्थिर. वजन लटकलेलं दिसलं पाहिजे आणि एका फ्रेममध्ये सीरियल नंबरही. तो इथे टाकू नका मात्र.

पाठवण्याआधी सगळ्या सेटिंगचे फोटो काढा, स्क्रूच्या डोक्यावर आणि बाजूच्या धातूवर मिळून पेनने एक बारीक रेघ ओढा. ही रेघ दुहेरी कामाची आहे. परत आल्यावर काय हललंय ते दिसतं, आणि 'ग्राहकाने स्क्रू फिरवला' असं म्हणायची सोय राहत नाही. बरीच सर्व्हिस सेंटरं दुरुस्तीनंतर ट्रिगर फॅक्टरी सेटिंगवर आणून देतात, त्यामुळे तुमची सेटिंग तुमच्याकडे लिहिलेली हवीच. आणि स्वतःच्या हाताला कोरलेली ग्रिप काढून ठेवा, ती पाठवू नका. एका मैत्रिणीची हरवली, दुसरी करून घेईपर्यंत तिचा अख्खा सीझन गेला.

रेंजवाली:
अवनी, हे सोन्यासारखं आहे. मी पहिल्या वेळी नुसतं 'ट्रिगर नीट नाही' एवढंच लिहिलेलं, कारण त्यांच्या फॉर्मवर जागाच एका ओळीची होती.

अवनी_दहा:
फॉर्म एका ओळीचाच असतो. वेगळा कागद जोडायचा आणि फॉर्मवर 'सोबतचा कागद पाहावा' लिहायचं. तोच मजकूर ईमेलनेही, म्हणजे तारखेसह पुरावा राहतो. फोनवर गोड बोलतात, पण फोनचं काही उरत नाही हातात.

प्रवासी_पेलेट:
सिलिंडरबद्दल कुणी बोललं नाही अजून. पार्सलमध्ये २०० बारचा भरलेला सिलिंडर पाठवायचा नाही, विमानाने तर मुळीच नाही. ट्रिगरचंच काम असेल तर आधी विचारा की सिलिंडर हवाय का, काही ठिकाणी त्यांचा स्वतःचा असतो. पाठवायचाच असेल तर पूर्ण रिकामा करून, रिकामा असल्याचं बाहेर स्पष्ट लिहून. शिवाय त्यावर कोरलेली तारीख बघून घ्या. बऱ्याच कंपन्या १० वर्षांपर्यंतच वापरायला सांगतात, मुदत संपलेला असेल तर सर्व्हिसवाले भरतच नाहीत. कुरिअरला आत काय आहे ते आधी सांगा, एअर पिस्तूललाही नकार देणारे असतात, आणि न सांगता पाठवलं तर मधेच अडकून बसतं. कायदा प्रत्येक देशात वेगळा, तो आपापला बघून घ्यायचा.

नेम_साधे:
दुसऱ्या खेळाडूलाही झालं म्हटल्यावर पिस्तूलचाच दोष, मान्य. फक्त नवीन मुलांनी हा धागा वाचून लगेच पिस्तूलला दोष देऊ नये, आधी दुसऱ्याच्या हातात देऊन बघावं, एवढंच म्हणणं कायम आहे.

बापू_फिटर:
रास्त आहे.

रेंजवाली, आता एक चाचणी सांगतो. रेंजवर, रेंज ऑफिसरला सांगून, चष्मा घालून. पेलेट नाही, नळी रिकामी आहे हे दोघांनी बघायचं. आधी ठोकळ्यांनी तुमचा ट्रिगर किती वजनाला सुटतो ते काढा. समजा ५३० निघालं. मग त्याच्यापेक्षा कमी पण पहिल्या स्टेजपेक्षा जास्त वजन घ्या, समजा ४८०. पिस्तूल पूर्ण चढवा, नळी वर, वजन अलगद ट्रिगरवर येऊ द्या, झटका नको. पहिली स्टेज जाईल आणि वजन भिंतीवर लटकेल. चांगला ट्रिगर असेल तर तसाच लटकत राहील, चहा पिऊन या. धार घसरत असेल तर थोड्या वेळाने आपसूक सुटेल. मग तेच ड्राय फायरला करून बघा. दोन्हींचा व्हिडिओ.

नेहमीच्या तपासणीत वजन पटकन उचलतात आणि लगेच खाली ठेवतात, भिंतीवर थांबतच नाहीत. म्हणून हा दोष त्यांच्या हातून निसटतो.

साडेचार:
बापू, ही चाचणी भारी आहे. मी माझ्यावरही करणार. स्क्रूचं माझं म्हणणं तूर्त बाजूला ठेवतो.

रेंजवाली:
मंडळी, केली चाचणी. रेंज ऑफिसर स्वतः शेजारी उभे होते.

ट्रिगर सुटायचं वजन ५२५ च्या आसपास. ४८० चा ठोकळा लटकवला. ड्राय फायरला लटकतच राहिला, शेवटी कंटाळून आम्हीच काढला. मग हॅमर चढवून तेच केलं. आधी काहीच नाही. ठोकळा स्थिर, ट्रिगर स्थिर. कॅमेरा ट्रिगरला अगदी लागून होता, म्हणून व्हिडिओत दिसलं की पातं मागे सरकतंय, डोळ्याला जाणवणार नाही इतकं हळू, पातं आणि गार्डमधली फट हळूहळू कमी होत जाते, आणि मग फट्. ऑफिसर म्हणाले परत कर. परत केलं, परत तेच. कधी लवकर सुटतं, कधी उशिरा, पण सुटतंच.

खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. इतके महिने मला वाटत होतं की माझाच हात गेला.

शांतश्वास:
अगं हेच होतं. बिघडलेल्या ट्रिगरचं सगळ्यात मोठं नुकसान गुणांचं नसतं, खेळाडूचा बोटावरचा विश्वास जातो. दुरुस्त होऊन आल्यावर लगेच गुण मोजायला जाऊ नकोस. कोऱ्या कागदावर, टार्गेटशिवाय मार काही दिवस.

वीजकळ:
हा व्हिडिओ बघितल्यावर त्यांना काही बोलायला जागा नाही. पाठवा लगेच.

रेंजवाली:
पाठवला. अवनीने सांगितलं तसा कागद, रेघांचे फोटो, व्हिडिओ, सगळं. आधी तिथून उत्तर आलं की ग्राहकाने सेटिंग बदलल्यामुळे असं होऊ शकतं, वॉरंटीत बसणार नाही. मी रेघांचे फोटो आणि त्यांच्याच आधीच्या चिठ्ठीची प्रत जोडून लिहिलं की तुम्ही तपासून ठीक म्हणून परत दिल्यापासून एकही स्क्रू हललेला नाही, स्क्रूंवरचा तुमचा सील-रंगही तसाच आहे, तेव्हा बदललं असेल तर तुमच्या टेबलावर बदललं. त्यानंतर दोन दिवस शांतता, मग मुख्य तंत्रज्ञाचाच मेल आला, 'पिस्तूल थेट माझ्या नावाने पाठवा'.

प्रवासी_पेलेट:
वा. माणसाचं नाव मिळालं की अर्धं काम झालं. आता पत्रव्यवहार त्याच्याशीच.

अवनी_दहा:
लेखी अहवाल मागायला विसरू नकोस. काय सापडलं, काय बदललं, कोणत्या वजनाला सेट केलं. 'दुरुस्त केले' एवढ्या शब्दांवर समाधान मानायचं नाही.

रेंजवाली:
पिस्तूल आलं! अहवालही आला, चांगला पानभर आहे. सियरच्या धारेच्या एका कोपऱ्याला बारीक टवका होता, त्यामुळे पकड पूर्ण रुंदीवर न बसता एका बाजूनेच बसत होती आणि भाराखाली तिरकी होऊन घसरत होती. सियर आणि तिच्या समोरचा भाग, दोन्ही जोडीने बदलले. वॉरंटीत धरलं, पाठवायचा खर्च माझा. आधीच्या तपासणीबद्दल एक वाक्य आहे की ती ड्राय फायरच्या स्थितीत झाली होती.

बापू, तुम्ही न बघता ओळखलंत.

बापू_फिटर:
ओळखलं तुमच्या 'ड्राय फायरला होत नाही' या वाक्याने. जोडीने बदलले हे चांगलं केलं त्यांनी, एकच बदलला असता तर नवा भाग जुन्या झिजेवर चालला असता. आता ४८० ची चाचणी पुन्हा करा आणि काही आठवडे वापरून झाल्यावर परत एकदा. नवीन धारा एकमेकींवर बसतात तेव्हा वजन थोडं हलतं.

रेंजवाली:
केली, लटकत राहिला. सेटिंग मात्र फॅक्टरीची करून पाठवली आहे, सुटायचं वजन ५१० भरतंय आणि पहिली स्टेज खूपच छोटी. माझी जुनी सेटिंग कागदावर आहे, पण भाग बदलले म्हटल्यावर जुने फेरे मोजून उपयोग आहे का?

बापू_फिटर:
नाही. फेरे विसरा, वजनं बघा. पहिली स्टेज आधी किती ग्रॅमची होती आणि एकूण किती, ती दोन वजनं गाठायची. एका वेळी एकच स्क्रू, दर वेळी पूर्ण चढवून मोजायचं. सियरच्या पकडीचा स्क्रू त्यांनी लावलाय तसाच राहू द्या, त्याला रंग लावलेला असेल.

चिकूची_आई:
काका, बापू, ही ४८० ची चाचणी आमच्या पिस्तूलवरही करून घ्यावी का? तसा काही त्रास नाहीये.

ज्युरीकाका:
वर्षातून एकदा करायला हरकत नाही, मोठ्या स्पर्धेआधी तर जरूर. सरांना आणि रेंज ऑफिसरला सोबत घ्या, ठोकळे क्लबमध्ये असतातच. मुलीला वजन लटकवू द्या, नळी रिकामी आहे की नाही ते मात्र मोठ्या माणसाने बघायचं. आणि ४८० म्हणजे तिच्या ट्रिगरच्या हिशोबाने बरं का, आधी तिचं सुटायचं वजन काढा, मग त्याखाली चाळीस-पन्नास ग्रॅम.

चिकूची_आई:
रविवारी रेंज रिकामी असते, सरांना विचारते.